नानाचा न वाळणारा रांजण

मेहरूणला माझ्या सासरी निरोप आला तेव्हा मी माती मळत होते. निरोप्या दारातच घुटमळला, त्यावरूनच कळलं की नाना गेला.

नाना माझा थोरला भाऊ, एरंडोलचा कुंभार. आई लवकर गेली, मला त्यानेच वाढवलं. एरवी असा तापट की चहा उकळेपर्यंत धीर निघत नसे. पण ओल्या मडक्यापुढे अगदी गरीब गाय. आमची माती भरड. तिच्यात तो चाळलेली राख आणि घोड्याची लीद मिसळायचा, चाकावर तळ अंगठ्याने दाबून दाबून घट्ट करायचा. काठ आधी वाळतो, तळ ओला राहतो आणि त्या ओढाताणीत भांडं तडकतं, म्हणून काठावर ओलं फडकं टाकायचा आणि खोलीचं दार लावून घ्यायचा. उन्हाळ्यात आम्ही उकडून निघालो तरी दार उघडायची सोय नव्हती!

लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी आले. लेकीला परत पाठवताना माहेरच्या मातीचा रांजण द्यायची आमच्या घरची रीत. नानाने तो घडवला, पण काही केल्या वाळेना. आमचे हे न्यायला आले, की नाना म्हणायचा, "दाजी, रांजन आजून वला शे. घाई करी ते तडकी जाई." हे स्वतः कुंभार; पण मुकाट्याने जेवून परत गेले. पुन्हा आले, पुन्हा तेच. एका दुपारी मी खोलीत डोकावले, तर नाना अख्ख्या रांजणाला गुंडाळलेलं फडकं काढून ते पुन्हा पाण्यात बुडवत होता... मला पाहून खेकसला, "दार लाव, वारा लागी!" मी दार लावलं आणि आतच त्याच्याजवळ बसून राहिले. मला पाठवणं त्याच्या जिवावर आलं होतं. नाना, तसं अडवून धरणारं आता कुणी नाही रे...

एरंडोलला नानाचं तेरावं झालं. हे न्यायला आले, माझं गाठोडंही उचललं. आजारपणात नानाने घडवलेला शेवटचा रांजण खोलीत होता. त्याचं फडकं मी रोज भिजवत होते.

"अजून ओला आहे," मी म्हटलं.

यांनी रांजणाला तळहात लावून पाहिला. बराच वेळ लावून ठेवला.

"हो, ओलाच आहे," म्हणाले आणि गाठोडं खाली ठेवलं.