आता घरूनच सगळं

लग्न होऊन मी सिंदेवाहीला आले आणि माझं ऑफिस माडीवरच्या खोलीत आलं. काम पुण्याच्या कंपनीचं, खिडकीबाहेर धानाच्या बांध्या. सासरी कोणी कशाला नाही म्हणत नव्हतं. फक्त मी कुठे निघाले, की सोबत कोण जाणार, एवढंच विचारलं जायचं.

चंद्रपुरात एका शिकवणीवर्गाच्या हॉलमध्ये आमच्यासारखी प्रोग्रॅमिंग करणारी मंडळी अधूनमधून रविवारी जमायची. मी पहिल्यांदा निघाले तेव्हा माझे सासरे, मामाजी, सोबत आले आणि तेच पुढे ठरून गेलं. मी पुढे बसायची, मामाजी शेवटच्या बाकावर पेपर वाचत. आयोजक मुलगी त्यांना आवर्जून चहा नेऊन द्यायची. मी कोणाशी हसून बोलले की पाठीवर नजर जाणवायची. वळून पाहावं तर ते खरंच पेपर वाचत असायचे.

त्या रविवारी आमच्या रोजच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली म्हणून केक आणला होता. आयोजक मुलीने त्या नव्या आवृत्तीत पडद्यावर एक फाइल उघडली. तिचा एक मित्र घुग्घुसला आपल्या घरी बसून टाइप करत होता आणि अक्षरं इथे आमच्यासमोर उमटत होती. तिने एक ओळ खोडली, ती त्याच्याकडेही खोडली गेली. सगळे खूश झाले.

ती म्हणाली, "आता कोणाला एवढ्या दूर यायची गरज नाही. पुढची मीटिंग घरूनच करू."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मागे पाहिलं तर मामाजी पेपर बाजूला ठेवून टाळ्या वाजवत होते.

परतीच्या बसमध्ये, मूल गावाच्या अलीकडे जंगल लागलं तेव्हा ते म्हणाले, "घरूनच होते म्हन्तेत ना आता. मंग तुले हा तरास काऊन? मी फायबरचं नेट लावून देतो."

त्यांनी खरोखर आठवड्याच्या आत फायबर लावून घेतलं. तार माडीवर चढवायला स्वतः उन्हात उभे राहिले.

पुढची मीटिंग मी माझ्या कामाच्या त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून केली. स्क्रीनवरच्या चौकोनांत ओळखीचे चेहरे होते. आवाज स्पष्ट येत होता. सासूबाई मध्येच चहा ठेवून गेल्या. मीटिंग संपली, मी लॅपटॉप मिटला, तरी कुठून तरी परत आल्यासारखं वाटलं नाही.

मग रिकामा कप घेऊन खाली गेले. मामाजी ओसरीवर होते. सगळा धीर गोळा करून म्हटलं, "मामाजी, मले चंद्रपूरले जाऊनच बरं वाटते."

ते काळजीत पडले. त्यांनी खरंच विचार केला, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"काऊन? नेट कमी पडून राह्यलं का?"

"नाई," मी म्हटलं, "नेट चांगलं आहे."

त्यांना बरं वाटलं. मी कप विसळायला आत गेले.