मत्स्यालयात मुलगी दाखवली

मला मत्स्यालयात दाखवायचं ही कल्पना आत्याची. माझा रंग काळा. सावळा नाही, निमगोरा तर मुळीच नाही, चांगला काळा. बिबवेवाडीतल्या आमच्या घरात लख्ख ऊन यायचं आणि मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले की पाहुण्यांचे चेहरे पडायचे. तीन स्थळं अशीच परत गेली. वडील खचत चालले होते. मी मनातून खूश होते. मी लॉ कॉलेजात शिकत होते, मला वकील व्हायचं होतं, आणि घरात माझ्या बाजूने बोलणारं कुणीच नव्हतं. माझा रंग तेवढा माझ्या बाजूने होता.

चौथं स्थळ मांजरीचं. घरचा ऊस, घरचा ट्रॅक्टर, मार्केट यार्डातल्या वडिलांच्या गाळ्यावर झालेली ओळख. लग्नानंतर कॉलेज बंद, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. आत्या म्हणाली, "घरी नको. बागेतल्या मत्स्यालयात भेटू. आत अंधार असतो, त्या दिव्यांत सगळेच हिरवे दिसतात." ती हे अगदी गंभीरपणे बोलत होती.

आत तसंच होतं. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना काचेच्या पेट्या, कोंदट हवा. मागून शाळेची सहल घुसली, तसे वडील, आत्या, मी आणि मांजरीची माणसं एकमेकांना चिकटून उभे राहिलो. मुलाच्या आईने माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला. तिची मान पसंतीने डोलली.

मुलाने तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, "यातला खायचा कुठला?"

"खायचे बाजारात मिळतात. इथे नुसते बघायचे," तो मान न वळवता म्हणाला.

मला काहीही करून उजेडात जायचं होतं. "बाहेर बाकावर बसू या का?" मी म्हणाले. आत्याने माझा दंड धरला. "अगं, त्यांना ते सोनेरी मासे तरी बघू दे." थोडं पुढे गेल्यावर मी म्हणाले, गुदमरतंय. "नाजूक आहे हो आमची," आत्या त्यांना म्हणाली आणि दंड आणखी घट्ट आवळला. शेवटी मी घेरी आल्याचं सोंग केलं. अर्धं सोंग होतं, अर्धं खरं.

मग सगळे धावतपळत बाहेर. भर दुपार होती. त्यांनी मला झाडाखाली बसवलं, तर मी उठून सावलीबाहेर गेले, डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि मुलाच्या आईसमोर उभी राहिले. बघा म्हटलं मनात, नीट बघून घ्या. आत्याने कपाळाला हात लावला.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग हसल्या.

"उन्हात पाह्यलं ते बरं झालं. आमी समदी उन्हातलीच माणसं, रंगाचं काय घेऊन बसायचं? पोरगी पसंत हाय."

वडिलांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. बाई इतकं चांगलं बोलल्या की मला त्यांच्यावर चिडायलाही जागा उरली नाही. आजवर माझा नकार मी परस्पर दुसऱ्यांकडून वदवून घेत आले होते. आता तो मलाच बोलायला हवा होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"नमस्कार कर," आत्या म्हणाली.

मी वाकले.