अम्मीचं कफन

पनवेलचा मुश्ताक चौदा वर्षं जेद्दात एसी दुरुस्त करायचा आणि दर खेपेला हमालासारखा ओझं लादून घरी यायचा. तो निघणार अशी कुणकुण लागली की आपल्याकडची माणसं पुड्या घेऊन हजर! कुणाची औषधं, कुणाच्या लेकीच्या बांगड्या. "मुश्ताकभाई, तेवढं घरी पोचवा." नाही म्हणणं त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. लोकांची अमानत ती, म्हणून ती हातातल्या पिशवीत, आणि स्वतःचं सामान विमानाच्या पोटात. भला माणूस हो, पण भलेपणालाही काही हद्द?

त्र्याण्णव साली त्याची अम्मी, फहमिदा, अंथरुणाला खिळली. तिचं एकच मागणं होतं, पवित्र जमजम विहिरीच्या पाण्यात भिजवलेलं कफन. मुश्ताकनं मक्केला जाऊन ते स्वतःच्या हातानं भिजवलं, वाळवलं, घडी घातली. पिशवीत लोकांच्या पुड्या ठासून भरलेल्या, म्हणून ठेवलं मोठ्या बॅगेत.

विमान अकरा तास रखडलं. का, कधी सुटणार, कुणी सांगेल तर शपथ! मुंबईत सकाळी उतरला, तर सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला आणि बॅगेचा पत्ता नाही. काउंटरवरचा म्हणाला, "तक्रार इथेच लिहून द्या. बाहेर पडलात की आमची जबाबदारी संपली." पुढे तीसेक माणसांची रांग. अम्मीचं काही खरं नाही हे त्याला ठाऊक होतं. पण रिकाम्या हातानं तिच्यापुढे जायचं कसं? तो दोन तास रांगेत उभा राहिला.

पनवेलला टॅक्सीतून उतरला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. अम्मीला जाऊन तासही झाला नव्हता. मय्यत ताटकळत ठेवत नाहीत. बाजारातून कापड आणलं आणि संध्याकाळच्या आत दफन झालं.

दुसऱ्या दिवसापासून डोळे पुसत पुसत त्यानं लोकांच्या पुड्या घरोघर पोचवल्या. एकही कमी भरली नाही.

आठव्या दिवशी बॅग आली. आत कफनाची घडीसुद्धा मोडली नव्हती. इतके दिवस गप्प राहिलेल्या धाकट्या बहिणीला, फरहाला, ते बघून राहवेना.

"भाईजान, शेवटी अम्मी तुलाच विचारत होती. मी म्हटलं, भाई कफन घेऊन येतोय. तर म्हणाली, कफनाचं काय घेऊन बसलीस, त्याला लवकर ये म्हणावं."

मुश्ताक ते कफन तोंडाशी धरून मोठमोठ्यानं रडला. फरहानं त्याला थांबवलं नाही.