चार पावलं मागं

गाव सोडलं त्या दिवशी पत्र्याची पेटी माझ्या डोक्यावर होती आणि शेवंता माझ्या मागं चार पावलं. लग्नाला तीन महिने झाले होते. रामा, तू तेव्हा चड्डीतलं पोर. वेशीपर्यंत आलास आणि धुळीत बसून रडलास. माय रडली नाही. तिनं सुनेला एवढंच सांगितलं, "त्याच्या मागं चाल. पुढं जाऊ नको."

त्यात वाईट काही नव्हतं. पायवाट ती. साप निघाला, बाभळीचा काटा असला, तर आधी गड्याला लागावा. आपल्याकडं धोका पुढून येतो. तसेच आम्ही चोपड्यापर्यंत चालत गेलो. मला वळून बघायची गरज पडली नाही. शेवंता डावा पाय जरा ओढायची. तिची चप्पल एकदा मोठी वाजे, एकदा लहान. ते ऐकू आलं की समजायचं, आहे.

उज्जैनला कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, तीस वर्षं काढली. शाळा माझी चौथीपर्यंत, हिंदी मिलनं शिकवली. घरातलं बोलणंही खिचडी झालं. शेवंता म्हणायची, "अहो, आज सब्जी काय करू?" गावी आलो की ते ऐकून तू हसायचास.

तेव्हा सडकेवर सायकली आणि टांगे. टांगा कोणाला घासला तर टांगेवाला उतरून चार शिव्या खायचा आणि जायचा. मग ती वर्षं आली. मिल बंद पडली आणि गाड्या वाढल्या. ज्याच्या घरात काल सायकल होती त्याच्या दारात आज स्कूटर, परवा मोटर. बारा वर्षांनी येणाऱ्या मेळ्याच्या आधी सडक रुंद केली. कडेचे लिंब कापले, चालायची पट्टी डांबराखाली गेली. सगळे खूश होते. मीही होतो, खोटं का बोलू. पायी माणसानं कुठून चालायचं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आमची खोली माधव नगरात. पण शेवंताला जवळच्या चक्कीचं पीठ पटायचं नाही, म्हणून पूल उतरून देवास गेटकडं जायचं. त्या दिवशी सकाळी दहाचा सुमार. सायकलच्या कॅरियरला गव्हाचा डबा बांधलेला, मी हँडल धरून चालत होतो, ती मागं. मी बोलत होतो. मिल नाही, आता इथं काय ठेवलंय, गावी परत जाऊ, असं. बाजूनं एक पांढरी मोटर गेली. अंगाला वारा लागला. मी बोलतच राहिलो. मग विचारलं, "सांग, जायचं का गावी?"

उत्तर नाही. मला राग आला. "तोंड शिवलंय का?" म्हणालो. तरी वळलो नाही. रुसली असेल म्हणून पाय उचलून पुढं चालू लागलो. लांबून कोणी ओरडलं, "अरे बाबा, रुको!" तेव्हा वळलो.

मोटर थांबली नव्हती.

तेरावं झालं, पीठ संपलं. डबा बांधून निघालो. त्याच जागी मागं चप्पल वाजली. एकदा मोठी, एकदा लहान. मी थांबलो, आवाज थांबला. चाललो, तो चालला. दिवसाढवळ्या, टेम्पोंच्या गोंगाटात. मी भुताखेताला मानणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. साच्यांच्या खडखडाटानं कान गेले असं समजून सोडून दिलं.

पुढच्या खेपेला पुलाखाली सायकलचं चाक बसलं. तिथं एक पंक्चरवाला नवा आला होता, बाहेरगावचा. आमची कसलीच ओळख नाही. ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता तो म्हणाला, "बासाब, जरा धीरे चला करो. माताजी पीछे रह जाती हैं।"

साडीचा रंग कोणता, हे मी त्याला विचारलं नाही. हिंमत झाली नाही. मागंही बघितलं नाही. त्याला पैसे दिले आणि हळू चालत घरी आलो.

दिवाळीला तुझ्याकडं आलो तेव्हा तू म्हणालास, दादा, आता इथंच राहा. तुझ्या बायकोनं वांग्याचं भरीत केलं, अंगणात खाट टाकली. कशाची कमी नव्हती. पण मी रोज त्या जुन्या पायवाटेनं चालायचो आणि मागं काहीच नसायचं. पाचोळासुद्धा वाजायचा नाही. मी पाच-सहा वेळा वळलो. एवढा जन्मात वळलो नव्हतो. तू विचारलंस, काय बघतोस. मी म्हणालो, कुत्रं आहे. कुत्रं नव्हतं, रामा. काहीच नव्हतं.

आता मी उजव्या कडेनं चालतो. गाड्या तोंडासमोर येतात. नालीकडची आतली जागा मोकळी सोडतो आणि पाय हळू टाकतो. चौकातला शिपाई रोज टोकतो, "बाबा, उलटी साइड क्यों चलते हो?" मी सांगतो, "सीधी साइड चलके देख लिया।"

आपल्या गावचे जे सुरतेला, इंदुराला गेलेत त्यांना हे वाचून दाखव. शहरात धोका मागून येतो. बाईला आतल्या अंगाला घ्या, पुढं चालू द्या. तिच्याशी बोलायचं असेल तर थांबून, तिच्या तोंडाकडं बघून बोला. माय असती तर तिलाही सांगितलं असतं. तिची चूक नाही. तिनं अशी सडक बघितली नव्हती.

तू पत्रात पुन्हा लिहिलंस, दादा, घरी ये. कोणी घर कुठं विचारलं की इतकी वर्षं मी आपल्या गावाचं नाव सांगत आलो. आता विचारतात तेव्हा मला पुलापासून चक्कीपर्यंतचं डांबर दिसतं. त्याला ना दार ना छप्पर. पण मी गावी आलो तर शेवंता त्या सडकेवर चालत राहील आणि तिच्या पुढं कोणी नसेल.

माझ्या वाट्याच्या खोलीत तू गुरं बांध. मी येत नाही.