टॅमरॅक कॅम्पचा रस्ता

कोल्टर गावात असं एकही बाईचं डोकं नव्हतं, जे कधी ना कधी नडीन हॅलव्हर्सनच्या हाताखालून गेलं नाही. घराच्या पुढच्याच खोलीत तिने दोन खुर्च्या, एक बेसिन आणि घरघर करणारा जुना ड्रायर मांडला होता. मुलींचे लग्नाचे केस तीच बांधायची, बाळंतिणींचे तीच कापायची. आणि गावातली एखादी म्हातारी गेली, की शेवटचे केस विंचरायलाही नडीनलाच बोलावणं यायचं. ती एप्रन घेऊन निमूट जायची. अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरातलं गाव ते. लाकूड कापायची सॉ मिल चालू होती तोवर गजबजलेलं, बंद झाल्यावर निम्मं रिकामं.

तिचा नवरा ऑर्लिन मिलसाठी ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. अंगाने आडवा, बोलायला कमी, पण बोलला की समोरच्याने खुर्चीतून पडावं असं काहीतरी बोलून जायचा. जंगलातले रस्ते त्याला घरातल्या खोल्यांइतके ओळखीचे होते. कुठल्या वळणावर चिखल असतो, कुठला पूल ट्रकच्या वजनाने कुरकुरतो, सगळं. त्यामुळे नडीनने आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून विणकाम केलं. रस्त्याकडे बघायची तिला गरजच पडली नाही.

मग ऑर्लिन विसरायला लागला.

सुरुवात हसण्यासारखी होती. एकदा तो पिकअप शेजारच्यांच्या दारात लावून त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि जेवायला काय आहे म्हणून विचारू लागला. शेजारीण हसली, तोही हसला. नडीन मात्र त्या दिवसापासून सावध झाली. पोस्टात कुणी समोरून आलं, की ऑर्लिनने तोंड उघडायच्या आत ती म्हणायची, "अरे, बघ कोण आलंय! वॉल्टर! तुझ्याबरोबर मासे धरायला यायचा तो वॉल्टर!" म्हणजे त्याला नाव शोधत उभं राहायला नको. "तुझ्या डोळ्यांना उन्हाचा त्रास होतो," असं म्हणून तिने गाडीच्या किल्ल्या आपल्या पर्समध्ये ठेवल्या. गावातल्या बायकांच्या सगळं लक्षात आलं होतं. ड्रायरखाली बसून त्या हवापाण्याच्या गप्पा मारत राहिल्या. नडीनला काही विचारायचं नाही, हे त्यांचं न बोलता ठरलेलं होतं.

बॉइसी शहरात राहणाऱ्या मुलीने, जोलीनने, गाडीच्या समोरच्या काचेला जीपीएस चिकटवून दिला. "मॉम, तुला रस्ते कुठे माहीत आहेत? ही सांगेल तसं जायचं." त्यातून एका बाईचा गोड आवाज यायचा. ऑर्लिनचं तिच्याशी पहिल्या दिवसापासून वाकडं.

"डावीकडे वळा," बाई म्हणायची.

"तू वळ," ऑर्लिन म्हणायचा. "आम्ही सरळ जाणार."

नडीनला हसू यायचं. पण ती डावीकडे वळायची.

त्या वर्षी नोव्हेंबरात जोलीनने बॉइसीच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर स्मरणशक्तीचे होते. डोळ्यांचे आहेत असं नडीनने ऑर्लिनला सांगितलं. जोलीनसाठी तिने हकलबेरी या रानफळाच्या जॅमच्या बरण्या आणि एल्क हरणाच्या सुक्या मांसाची पिशवी घेतली, ऑर्लिनचे केस स्वयंपाकघरात बसवून नीट कापले आणि दोघं निघाली. निघताना त्याने तीनदा विचारलं, "आईला सांगितलंस का आपण जातोय म्हणून?" त्याची आई जाऊन तीस वर्षं होत आली होती. "सांगितलं," नडीन म्हणाली.

हायवेवर पुढे एक ट्रेलर आडवा झाला होता. पोलिसांनी रस्ता बंद करून गाड्या मागे फिरवायला लावल्या. नडीन गांगरली. तेवढ्यात काचेवरची बाई म्हणाली, की दुसरा रस्ता सापडला आहे. नडीनला अगदी हायसं वाटलं. हायवे सोडून, एक पूल ओलांडून गाडी जंगलात शिरली. आधी डांबर होतं, मग खडी लागली. बर्फ भुरभुरायला लागला.

ऑर्लिन एकदम ताठ बसला. "हा टॅमरॅक कॅम्पचा रस्ता. आमच्या लाकूडतोड्यांच्या तळाचा."

"बॉइसीला जातो हा. ही सांगतेय ना."

"वरच्या खिंडीत हिवाळ्यात कुणी बर्फ काढत नाही, नडीन. नोव्हेंबर सरायच्या आत, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी आम्ही इथून ट्रक खाली आणायचो. वळव गाडी."

"पलीकडे उतरलं की मोठा रस्ता आहे. चित्रात दिसतोय."

"त्या बाईला विचार, ती कधी इथे येऊन गेलीय का! मी सांगतोय ना, वळव."

त्याचा आवाज पूर्वीसारखा होता. नडीनने क्षणभर पाय उचललासुद्धा. पण सकाळीच हा माणूस मेलेल्या आईची चौकशी करत होता. आदल्या आठवड्यात याच माणसाने तिला बहीण समजून हाक मारली होती. तिने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं, आणि गाडी पुढे घातली. ऑर्लिनने तिचा हात बाजूला केला आणि खिडकीबाहेर बघत बसला. 

खिंडीच्या अलीकडे एका चढावर चाकं फिरायला लागली, गाडी मागे घसरली आणि कडेच्या चरात तिरपी होऊन बसली. काचेवरची बाई म्हणाली, "सरळ पुढे चला."

मोबाइलला रेंज नव्हती. बर्फ पडतच राहिला.

आणि तिथे, त्या चरात, नडीनला तिचा नवरा परत मिळाला. ऑर्लिन खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कामाला लागला. सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ त्याने हाताने उकरून काढला. "हे बुजलं तर धुराने झोपेतच जाऊ आपण. दर वेळी इंजिन लावायच्या आधी बघायचं." सुरीने फर झाडाच्या फांद्या तोडून त्याने मागच्या सीटवर अंथरल्या. जॅमची रिकामी केलेली बरणी बर्फाने भरून हीटरपुढे धरली आणि वितळलेलं पाणी आधी तिला पाजलं. इंजिन थोडा वेळच चालवायचा. ती थरथरायला लागली, की तिचे पाय स्वतःच्या शर्टाच्या आत, पोटाशी धरून बसायचा.

"तू म्हणालास ते खरं होतं," ती म्हणाली. "मी ऐकायला हवं होतं."

"चाळीस वर्षं ऐकलं नाहीस, आज कशी ऐकशील?" तो म्हणाला आणि हसला. तीही हसली. मग तिला रडू कोसळलं. तो तिची पाठ चोळत राहिला.

दोन दिवस गेले असतील, तीन असतील. पेट्रोल संपत आलं. सुकं मांस संपलं. नडीनला ताप भरला. बर्फ थांबला त्या सकाळी ऑर्लिनने बुटांच्या नाड्या आवळल्या.

"मी कॅम्पवर जातो. इथून वर, खिंडीच्या डाव्या अंगाला. तिथे स्टोव्ह आहे, रेडिओ आहे. माणसं घेऊन येतो."

"नको जाऊस. शोधायला येतील कुणीतरी."

"इथे कोण शोधणार? आपण इथे आहोत हे कुणाला माहीत आहे?" त्याने तिच्या डोक्यावरची टोपी कानांखाली ओढली. "रस्ता माझ्या पायाखालचा आहे. अंधाराच्या आत पोचेन."

नडीन त्याच्याकडे बघत राहिली. डोळे स्वच्छ होते. हात स्थिर होते. रस्त्याबद्दल तो बरोबर होता, सायलेन्सरबद्दल, पाण्याबद्दल, सगळ्याबद्दल बरोबर होता. एकदा विश्वास ठेवला नाही म्हणून दोघं या चरात येऊन पडली होती. दुसऱ्यांदा ती तीच चूक करणार नव्हती.

"जा," ती म्हणाली. "मफलर नीट गुंडाळ."

दार उघडून तो बाहेर पडला, पुन्हा आत वाकला आणि म्हणाला, "एम्मेटला सांगतो, तुझ्यासाठी पॅनकेक ठेव म्हणून. त्याचे पॅनकेक तू खाल्ले नाहीस कधी."

दार लागलं. गुडघ्याएवढ्या बर्फातून तो चढ चढू लागला, एकाच लयीत, मागे न बघता.

एम्मेट हे नाव नडीनच्या तापलेल्या डोक्यात घोळत राहिलं. कोण हा एम्मेट? बऱ्याच वेळाने तिला आठवलं. कॅम्पचा स्वयंपाकी. ऑर्लिन तरुणपणी त्याच्या गोष्टी सांगायचा. तो मेला तेव्हा त्याच्या बायकोचे केस नडीननेच सेट केले होते. आणि त्याच बाईने, त्याच खुर्चीत बसून सांगितलं होतं, की वरचा कॅम्प आता राहिला नाही, जुन्या खोल्या पडायला आल्या म्हणून जाळून टाकल्या. मिल बंद झाली त्याच सुमाराची गोष्ट.

नडीन पुढच्या सीटवर सरपटत आली. तिरप्या गाडीचं जड दार तिला ढकलून उघडेना. तिने हॉर्नवर दोन्ही हात ठेवले आणि सगळं वजन टाकलं. जंगल दणाणलं. ती थांबली, ऐकलं, पुन्हा दाबला. ऑर्लिन, मागे ये. ऑर्लिन, तिथे कुणी नाही. आवाज बसत बसत बारीक झाला आणि शेवटी नुसतं बटण दबायला लागलं. बॅटरी संपली. चढावर कुणीही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शोधलं टेस नावाच्या तरुण पोलिस डेप्युटीने. जोलीनने तक्रार दिल्यापासून सगळे हायवेच्या कडेच्या दऱ्या धुंडाळत होते. टेसने, जिथे रस्ता बंद केला होता तिथे गाडी उभी करून, आपल्या जीपीएसमध्ये जोलीनचा पत्ता टाकला आणि ती बाई नेईल तिकडे निघाली. जंगलातला तो रस्ता दिसला तेव्हा तिने बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाइल मागवल्या. काच पुसून आत पाहिलं, तर मागच्या सीटवर फांद्यांमध्ये परत येऊन पडलेली नडीन. श्वास चालू होता.

"ऑर्लिन वर गेलाय," ती एवढंच बोलली. "त्याला खाली आणा."

पण त्या दुपारी पुन्हा बर्फ सुरू झाला. नंतर चार दिवस माणसं वर जात राहिली आणि रिकाम्या हाताने उतरत राहिली. मग हिवाळा बसला.

दवाखान्यात नडीनच्या डाव्या पायाची बोटं काढावी लागली. जोलीन उशाशी होती. पहिले काही दिवस ती फक्त औषधांबद्दल बोलली. मग एकदा तिच्याने राहवलं नाही.

"तू त्यांना जाऊ कसं दिलंस, मॉम? डॅडना घरातलं बाथरूम सापडत नव्हतं!"

नडीन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. 

ऑर्लिन सापडला जूनमध्ये. टेस स्वतः सांगायला आली. हॅट मांडीवर घेऊन ती पुढच्या खोलीतल्या ड्रायरच्या खुर्चीतच बसली, दुसरीकडे जागा नव्हती.

"कॅम्पच्या जागेवरच होते," ती म्हणाली. "स्वयंपाकघराची दगडी चूल तेवढी उभी आहे तिथे. तिला पाठ टेकून बसलेले होते. त्या बर्फातून एवढा चढ... आमच्यातल्या धडधाकट माणसांनाही जमला नसता. ते वाट चुकले नव्हते, मिसेस हॅलव्हर्सन."

टेसला वाटलं, हे ऐकून बाईंना बरं वाटेल.

"नाहीच चुकला तो," नडीन म्हणाली. मग तिने टेसला कॉफी विचारली.

गावात ही गोष्ट पसरली आणि पसरता पसरता चांगली होत गेली. बायकोसाठी मदत आणायला गेला, कॅम्पच्या भिंतींचा आडोसा मिळेल म्हणून गेला, शेवटपर्यंत डोकं ठिकाणावर होतं. दफनाच्या वेळी पाद्री तसंच बोलला. वॉल्टर डोळे पुसत तसंच बोलला. नडीनने कुणालाच खोडून काढलं नाही. एम्मेटचं नाव तिने काढलं नाही, पॅनकेकचंही नाही. उंच स्टुलावर बसून ती पुन्हा केस कापायला लागली. उभं राहणं आता जमत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात जोलीन आली आणि म्हणाली, "मला ती जागा बघायचीय." नडीनला जायचं नव्हतं, पण ती गेली. जोलीनने गाडी चालवली. काचेवर काही चिकटवलेलं नव्हतं, रस्ता एव्हाना सगळ्यांना माहीत झाला होता. वर कॅम्पच्या मैदानात कमरेएवढं गवत होतं आणि मधोमध काळी पडलेली चूल. जोलीन आईचा हात धरून तिथपर्यंत गेली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "इथे काही नाही, हे डॅडना माहीत होतं ना?"

गावात सगळे देत होते ते उत्तर नडीनच्या ओठांवर आलं होतं. पण जोलीनचा चेहरा ऑर्लिनसारखा होता, आडवा, न हलणारा.

"नाही," ती म्हणाली. "त्याला वाटलं कॅम्प चालू आहे. स्वयंपाकी पॅनकेक करतोय. आणि जोलीन, मला आठवायला हवं होतं. आठवलं, पण तो गेल्यावर. मी हॉर्न वाजवला. बॅटरी संपेपर्यंत वाजवला."  "ऐकला असेल का त्याने? ऐकून मला मदत हवीय असं वाटून आणखी घाईने वर गेला असेल का? रोज हेच येतं डोक्यात. केस कापताना येतं."

 जोलीनला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्याचं नाटक तिने केलं नाही. ती चुलीशेजारी गवतात बसली, आईलाही हळूच खाली बसवलं, तिचा दुखरा पाय बुटातून मोकळा करून आपल्या मांडीवर घेतला. ऊन कलेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.