सवाल फुटला ती रात्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही — देवापुढे हात जोडले तेव्हाही मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत राहिले. आणि मी कोण? वाकोल्याच्या आमच्या चाळीत मला ‘रेडिओ’ म्हणायचे! कुणाची सासू कुणाला काय बोलली, ते संध्याकाळच्या आत माझ्यामार्फत नळावर पोचलेलं असायचं. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई कपाळावर हात मारून म्हणायची. हा एक तीळ मात्र इतकी वर्षं भिजत पडलाय. आज तुला सांगते. मधेच थांबले तर थांबू दे, मागे लागू नकोस.

सुरुवात कुठून करू? आवाजापासून करते. सगळं तिथूनच झालं.

मी तेव्हा अठरा-एकोणीसची. अंधेरीला एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायचे. दिवसभर बोटांना खळ. त्या कारखान्यात मशीनवर विश्राम नावाचा एक माणूस होता. उगाच भलतं मनात आणू नकोस — चाळिशी उलटलेला, तंबाखूने दात काळे, घरी बायको नि चार पोरं. पण जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या उंबराखाली बसायचा, रिकाम्या डब्यावर बोटं वाजवायचा, डोळे मिटायचा आणि गायचा. काय सांगू तुला! उन्हातून आल्यावर माठाला हात लावावा, तसं व्हायचं मला. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलेली असायचे नि भोंगा व्हायचा. त्या माणसावर माझं प्रेम नव्हतं. पण त्या आवाजावर — त्याला काय म्हणायचं? त्याला काही नाव आहे का?

हाच विश्राम म्हणजे कांदिवलीच्या नाचाचा विश्राम शाहीर. आमच्या रत्नागिरीकडच्या माणसांचा हा नाच — गाणारे मधे बसतात, ढोलकी-झांज वाजते, आणि पायात चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती गोल फिरतात. त्यात दोन बाजू, शक्तीवाले आणि तुरेवाले. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब आला नाही तर त्याने भरल्या मैदानात फेटा उतरवायचा, आणि जवाब आला तर सवाल टाकणाऱ्याने. विश्राम शाहीर शक्तीवाला. आणि आम्ही? आमचं सगळं घर तुरेवालं. माझा सख्खा भाऊ दत्ताराम, आमचा दादा, तुऱ्याकडून गायचा. म्हणून विश्राम शाहीर माझ्याच कारखान्यात आहे, हे मी घरी कधी बोललेच नाही. बोलले असते तर आईने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडवली असती.

दादाबद्दल सांगते. तो गिरणीत होता. रातपाळी करून यायचा, तोंडावर पाणी मारायचा, आणि मी भाकऱ्या थापत असायचे तिथे चुलीशी येऊन बसायचा. ‘सुमे, ऐक गो,’ म्हणायचा आणि नवीन बांधलेलं गाणं म्हणून दाखवायचा. आमच्या मंडळात शिकलेली, मोठमोठी माणसं होती, पण पहिलं मला. मी मान हलवली तरच तो पुढे जायचा. त्याचा आवाज — आता बोलतेच आहे तर खरं बोलते — त्याचा आवाज बरा होता. नुसता बरा. बांधायचा मात्र झकास.

त्या वर्षी आमचे म्हातारे शाहीर थकले होते. गणपतीला मंडळ गावी न्यायचं, तर शाहीर म्हणून पुढे कोण बसणार? सगळ्यांनी मिळून ठरवलं, विश्राम शाहिराशी होणारा कांदिवलीचा सामना दत्तारामने मारला तर दत्ताराम. दादाला आयुष्यात दुसरं काही नको होतं रे. गावच्या देवळापुढे, आमच्या आज्याच्या ओळखीच्या माणसांसमोर, फेटा बांधून मधे बसायचं. एवढंच.

आणि त्याच्याकडे सवाल होता. आज्याने आम्हा दोघांना लहानपणी सांगितलेल्या गोष्टीतला, कुठल्या पोथीत नसलेला. राम वनवासाला गेला, आणि तो परत येईपर्यंत अयोध्येत एका माणसाने आपलं काम हातात धरलं नाही — तो कोण? ऐकणारा लगेच म्हणणार, भरत. तिथेच फसणार. आज्याचा जवाब वेगळा होता. ज्या सुताराने रामाचा पाळणा केला, तो सुतार. राम गेला त्या दिवशी त्याने हत्यारं खाली ठेवली ती ठेवलीच. हा जवाब तीन माणसांना ठाऊक. दादाला, मला, आणि शांतूदादाला. शांतूदादा म्हणजे शांताराम, आमच्याच चाळीतला, दादाचा बालमित्र आणि आमच्या मंडळाचा ढोलकीवाला. सवाल संपतो तिथे ढोलकी एकदम कशी तोडायची, आणि समोरचा अडलाच तर दादाच्या जवाबाला ती कशी धरायची, यासाठी त्याला सांगावंच लागलं.

आता येते तिथवर.

सामन्याच्या आदल्या दिवशी विश्राम शाहीर उंबराखाली गात होता. मी त्याच्याजवळ गेले. तोवर मी कधी त्याच्याशी चार शब्द बोलले नव्हते. म्हटलं, ‘शाहीर, उद्या रामाचा सवाल येईल. भरत म्हणू नका. पाळण्याचा सुतार.’

झालं. इतकंच. एवढ्या वर्षांत मी किती बडबडले असेन, त्यात हे एवढंच काढून टाकता आलं असतं तर.

त्याची बोटं डब्यावर थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं. ‘कशाला सांगितलंस गो बाय?’ म्हणाला. रागाने नाही, कळवळून म्हणाला. मग हात धुतले आणि आत निघून गेला. त्याने मागितलं नव्हतं. मला कुणी फसवलं नाही, फूस लावली नाही, धाक दाखवला नाही. मग का सांगितलं? मला तो आवाज अडलेला ऐकवला नसता. भरल्या मैदानात तो गाता गाता चाचरेल, लोक हुर्यो करतील, आणि मला ते बसून ऐकावं लागेल — नको. आणि दादाचं काय, ते मनात आलं नाही का? आलं. आलं नाही असं समजू नकोस. येऊनही सांगितलं.

आणि ती रात्र! तुला खरंच सांगते, तशी रात्र मी पुन्हा पाहिली नाही. कांदिवलीला तेव्हा स्टेशनपासून थोडं गेलं की शेतंच होती. कापलेल्या भाताचे खुंट, कडेला ताडाची झाडं, वर चांदणं. खाडीकडून वारा यायचा. मैदानात गॅसच्या बत्त्या सूं सूं करत होत्या, आणि बायका एका अंगाला चटया टाकून बसल्या होत्या. मला पुढची जागा मिळाली. नाचे फिरायला लागले की धूळ उठायची, ती बत्तीच्या उजेडात सोनेरी दिसायची, आणि त्या धुळीतून नुसती पावलं दिसायची, माणसं नाहीत. चाळांचा आवाज कधी जवळ यायचा, कधी लांब जायचा. मला वाटायचं, आपण मचव्यात बसलोय आणि मैदानच हलतंय. शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. कोण होती कुणास ठाऊक. मी तिला हलवलं नाही.

गण झाला, गवळण झाली. मग दादा उठला. पिवळा फेटा मीच सकाळी त्याला पिळून, वाळवून दिला होता. त्याने सवाल टाकला — आणि काय टाकला! आमच्या बाजूने शिट्ट्या पडल्या. शांतूदादाने ढोलकी अशी काही तोडली, की सगळं मैदान एकदम गप्प. बत्त्यांचा सूंकार तेवढा राहिला.

विश्राम शाहीर उठेना. बराच वेळ उठेना. लोक कुजबुजायला लागले, ‘वाट लागली याची.’ मी चटईचे धागे उपटत होते. ऊठ ना — मी मनात म्हणत होते — ऊठ ना रे! माझा भाऊ पाच हातांवर उभा होता, आणि मी दुसऱ्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते. मग तो उठला. बायकांकडे त्याने एकदाच पाहिलं. आणि डोळे मिटून गायला लागला.

त्याने सुताराचं घर उभं केलं. बंद दार, गंज चढलेला लाकूड तासायचा वाकस, अंगणात पडून राहिलेलं सागाचं लाकूड. आज्याच्या गोष्टीत यातलं काही नव्हतं. मी दिलेल्या दोन शब्दांतून त्याने ते काढलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी हसत होते. असं सुख मला लग्नात झालं नाही, मुली झाल्या तेव्हा झालं नाही. पाप करून बसलेल्या माणसाला इतकं सुख होतं? होतं. मला झालं.

मग दादाकडे लक्ष गेलं. तो शाहिराकडे बघत नव्हता, शांतूदादाकडे बघत होता. बघता बघता त्याने फेटा उतरवला.

पहिल्या गाडीने सांताक्रूझला उतरलो नि चालत वाकोल्याला निघालो. शांतूदादा पुढे एकटाच गेला होता. पहाटेचा गारठा होता. दादाने हातातला फेटा उलगडला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. ‘कुडकुडतेस गो,’ म्हणाला. मी तो अंगाभोवती गुंडाळून घेतला, आणि माझ्याही नकळत विश्राम शाहिराचा जवाब गुणगुणायला लागले. भानावर आले तेव्हा घाबरून गप्प बसले. दादा म्हणाला, ‘गा गो, गा. चांगला बांधलान त्याने.’ 

घरी आल्यावर चुलीशी बसून तो बोलला. ‘ही गोष्ट तिघांची. शांत्याने फोडलान.’ मी पीठ मळत होते. म्हटलं — काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं — मलाही ठाऊक होतं की दादा. तो हसला! त्या दिवशी तेवढंच एकदा हसला. ‘तू नि मी काय वेगळे?’ म्हणाला.

तेव्हा बोलायचं होतं. त्याच क्षणी. तोंड उघडं होतं माझं, हात पिठात होते. नाही बोलले.

दादा शांतूदादाच्या खोलीवर गेला. काय बोलणं झालं, मला माहीत नाही. संध्याकाळी शांतूदादा आमच्या दारात आला, ढोलकी जुन्या धोतरात बांधलेली. ती मंडळाची होती. त्याने ती उंबऱ्याच्या आत ठेवली. दादा गिरणीत गेला होता, घरात मी एकटी. आता विचार कर. आपण फोडला नाही, हे त्याला ठाऊक. दत्ताराम स्वतःचाच सवाल फोडणार नाही, हेही ठाऊक. मग राहिलं कोण? त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलेलं मला कळलं. ‘पाणी दे गो बाय,’ म्हणाला. मी तांब्या दिला. प्यायला, तांब्या पालथा घातला नि गेला. कुणाला काही बोलला नाही. पुढेही नाही, कधीच नाही.

त्यानंतर शांतूदादाने ढोलकीला हात लावला नाही. मंडळ दुसऱ्याकडे गेलं, आणि दादानेही गाणी बांधायची सोडली. एकाच चाळीत, चार खोल्यांच्या अंतरावर, ते दोघं एकमेकांशी न बोलता म्हातारे झाले. माझ्या लग्नात शांतूदादा सगळ्यात मागे उभा राहून अक्षता टाकून गेला. विश्राम शाहीर उन्हाळ्यापर्यंत दुसरीकडे कामाला लागला होता. जाईपर्यंत तो उंबराखाली बसला नाही, आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

शांतूदादा वारला त्या दिवशी मी माहेरी होते. दादा त्याच्या मयताला गेला, लांब उभा राहिला, खांदा दिला नाही. परत येऊन आंघोळ केली, आणि ओल्या अंगानेच मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिला. मग मला म्हणाला, ‘सुमे, त्याने असं का केलान असेल गो?’

अजून वेळ होती. शांतूदादासाठी नसेल, पण दादासाठी होती.

मी म्हटलं, ‘जाऊ दे ना आता, दादा.’ आणि टॉवेल दिला.

आता दादाही नाही. मी डोळे मिटते तेव्हा ते मैदान येतं — ती धूळ, ते चाळ, खाडीचा वारा. तुला वाटत असेल, आधी दादाचं तोंड दिसत असेल. नाही. आधी तो आवाज येतो, आणि मला अजूनही तेवढंच बरं वाटतं. दादाचं तोंड नंतर येतं. शांतूदादा आपणहून येत नाही. त्याची आठवण मला मुद्दाम काढावी लागते.