ब्रश पुसायची भिंत

बेलखोडे सरांची चित्रं मला कधी कळली नाहीत, आणि कळत नाहीत हे मी कधी लपवलंही नाही. सिंदीच्या शाळेत ते ड्रॉइंगचे मास्तर आणि मी ऑफिसातला बाबू, अशी सव्वीस वर्षं आम्ही सोबत काढली. घरंही शेजारी. मध्ये एक मोकळं अंगण, त्याच्या एका अंगाला त्यांच्या घराची मागची भिंत आणि दुसऱ्या अंगाला माझ्या स्वयंपाकघराचं दार. शाळेत सर पोरांकडून तांब्या, केळी आणि आठवडी बाजार काढून घ्यायचे, कारण ग्रेडच्या परीक्षेत तेच येतं. घरी स्वतः मात्र नुसते रंगावर रंग. एकदा मी विचारलंच, "सर, याच्यात हाय तरी काय?" ते म्हणाले, "जे दिसून राह्यलं, तेच हाय." मी चहा पिऊन घरी आलो.

सरांच्या पत्नी यशोदावहिनी वारल्या आणि सरांचं बोलणं आणखी कमी झालं. मुलगी वर्षाली पुण्याला. घरात सर, एक रेडिओ आणि भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं. मी रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचायचो. खुर्चीचं तोंड रस्त्याकडे, कारण कोण आलं, कोण गेलं हे पाहणं हाच माझा रिटायरमेंटनंतरचा धंदा. सरांची भिंत उजव्या अंगाला, जरा पाठीमागे. ते तिथे काहीतरी खरवडायचे, चिंधीनं पुसायचे, पुन्हा फासायचे. चुना, नीळ, गेरू, काजळी, असले घरगुती रंग. मला वाटायचं, आतली चित्रं झाली की ब्रश इथे पुसतात. मागे वळून नीट पाहावं, असं एकदाही वाटलं नाही.

मग त्यांच्या बोलण्यात नाहीदबाई येऊ लागली. नाहीद ही तेहरानची चित्रकार, साठीच्या आसपासची. वहिनी होत्या तेव्हाच वर्षालीनं सरांना फोन घेऊन दिला होता, त्यावरून त्यांनी एक चित्र नेटवर टाकलं, ते तिला आवडलं, आणि तेव्हापासून दोघांचं सुरू झालं. भाषा कोणाची कोणाला येत नाही, फोनच भाषांतर करून वाचून दाखवायचा. मी आपला चावटपणा केला, "काय सर, वहिनी आणता का इराणची?" ते हसले नाहीत. म्हणाले, "बाबू, तिकडं शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी गॅलऱ्यांत नवी चित्रं लागतात. पाहाले पोरापोरींची गर्दी होते. चित्रात ना माणूस, ना झाड, ना घर. नुसता रंग. तरी उभे राहून पाहतात. नाहीदबाईच्या घरी शिकाले येतात त्या पोरी वीस-बावीस वर्षांच्या, त्याही तसंच काढतात."

"तिकडं बोलायची चोरी असन," मी शहाणपणा केला. "म्हून आडून आडून काढत असतीन."

सरांनी हे तिला विचारलं, आणि बाई तापली. तिचं उत्तर त्यांनी मला वाचून दाखवलं, "आम्हाला आवडतं म्हणून काढतो. माझी आजी गालिच्यावर बसून त्याचे रंग तासन् तास पाहायची. त्याचा अर्थ काय, असं तिनं कधी कोणाला विचारलं नाही."

मी म्हटलं, असेल बुवा. पण सरांचा चेहरा तेव्हा असा फुलला होता की मला जरा हेवाच वाटला. सिंदीत एक माणूस मिळाला नाही आणि तिकडे गर्दी! आपण त्या गर्दीतले आहोत, फक्त राहायला लांब आहोत, असं काहीसं त्यांना वाटत असावं.

यंदा जानेवारीत तिकडे लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारनं इंटरनेट बंद केलं. पेपरात होतं, मी वाचलंही होतं, आणि पान उलटलं. सर त्याच सुमारास मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला गेले. इकडे माझ्या पोरीचं, वेदश्रीचं लग्न माघात ठरलेलं. मी त्यांना फोन केला, "सर, मांडवाले अंगण घेऊ का?" ते म्हणाले, "घ्या न बाबू, इचारता काय? पोरगी काय तुमची एकट्याची हाय?"

लग्नघरी चुना लागतोच. तानबा रंगारी माझं घर करून अंगणात आला आणि सरांच्या भिंतीसमोर थबकला. "बाबू, हे सरानं काढलं का काय?"

"अरे, ब्रश पुसतात ते तिथं. पाहुणे येतीन, ओल आल्यावानी दिसते. मार चुना."

नीळ सारखी वर येत होती, म्हणून तीन हात मारावे लागले. तिन्हींचे पैसे मी दिले, आणि सरांना केवढं बरं वाटेल याचा विचार करत झोपलो.

लग्नाच्या दोन दिवस आधी सर आले, डोळ्यांवर काळा चष्मा. मी त्यांना हात धरून अंगणात नेलं. "पाहा, कशी लख्ख केली!"

सरांनी जवळ जाऊन भिंतीवरून बोटं फिरवली. मग विचारलं, "किती हात मारले?"

"तीन."

"हाव. एका हातानं झाकलं नसतं," ते म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, खूश झाले. लग्नात त्यांनी पंगतीत वाढलं, वेदश्रीला पाठवताना माझ्याआधी तेच रडले.

आठ-दहा दिवसांनी, शुक्रवारी, मी उरलेला चिवडा घेऊन गेलो, तर सर स्टुलावर बसलेले. समोर पांढरी भिंत, हातात फोन. "काय पाहून राह्यले?" मी विचारलं. त्यांनी फोन दाखवला. नाहीदला पाठवलेल्या एका ओळीपुढे एकच टिक होती. म्हणजे तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. चार वर्षं दर शुक्रवारी नाहीद तिचं चित्र पाठवायची. शनिवारी सर त्याला उत्तर द्यायचे, या भिंतीवर. एक थर, मागच्या थरावर. मागचा थोडा दिसू द्यायचा, थोडा झाकायचा. मग फोटो काढून तिला. यशोदावहिनी गेल्याचंही तिला त्यांनी शब्दांत सांगितलंच नव्हतं. भिंतीवर काजळीचा एक थर दिला, तिला कळलं.

मी चिवड्याचा डबा खाली ठेवला. "फोटो तर असतीन न फोनात?"

"जुन्या फोनात होते. वर्षालीनं पुण्यात नवा घेतला, जुना दुकानात देऊन टाकला. पोरीनं मायेनंच केलं, बाबू. तुमीही मायेनंच केलं." ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. "आता फोटो तिच्याच जवळ हायेत. ती असन, तर भिंत हाय."

दुसऱ्या दिवशी मी नारळाची शेंडी आणि पाणी घेऊन चुना घासायला बसलो. चुना निघाला, पण त्याच्यासोबत खालचं सगळंच निघालं, आणि तळहाताएवढी माती उघडी पडली. सरांनी माझा हात धरला. "राहू द्या. दुखन उगीच." कोणाला दुखेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. पेपरातलं परदेशाचं पान आधी वाचायचो. सर सारखे फोनकडे पाहायचे नाहीत, पण चहा गार व्हायचा. एकदा म्हणाले, "तिच्या त्या पोरी काय करत असतीन? काढत असतीन का?" मी म्हटलं, "काढत असतीन सर." मला काय माहीत? पण दुसरं काय म्हणणार?

असे सहा शुक्रवार गेले. सातव्याला फोन वाजला. मग वाजतच राहिला.

नाहीद होती. आधी तिचं नवं चित्र, करड्यावर करडं आणि खाली कुठेतरी पिवळं. मग तिच्या पोरींची चित्रं, अकरा. नेट नव्हतं त्या दिवसांत काढलेली, एकीसारखं दुसरीचं नाही. सरांनी प्रत्येक चित्र मोठं करून पाहिलं. मग त्यांनी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून तिला पाठवला, आणि आपले फोटो हरवल्याचं लिहिलं. तासाभरानं भिंतीचे फोटो यायला लागले. एकामागून एक, दीडशेवर.

माझ्या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर असलेली भिंत मी पहिल्यांदा तेहरानहून आलेली पाहिली. मला अजूनही कळली असं म्हणत नाही. पण नीळ हळूहळू गेरूत उतरत होती, मग काळं आलं, सगळं गिळून बसलं, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यातून पांढरं बारीक बारीक फुटत गेलं. मी सरांना पहिल्यापासून पुन्हा दाखवायला लावलं.

आणि मग मला ते दिसलं. सर अंगणाच्या आतल्या टोकाकडून तिरका फोटो काढायचे, त्यामुळे जवळपास प्रत्येक फोटोत, डाव्या कोपऱ्यात, एक प्लास्टिकची खुर्ची आणि बनियन घातलेली एक पाठ. हिवाळ्यात पाठीवर स्वेटर. चार वर्षं, दर शनिवारी, पेपर वाचणारी पाठ. एकाही फोटोत तोंड नाही.

शेवटी तिची एक ओळ आली. सर वाचताना अडखळले. मी म्हटलं, "वाचा न."

"इचारते, तो कोपऱ्यातला माणूस बरा हाय का? या फोटोत खुर्ची दिसली नाई म्हून काळजी वाटली."

मी रस्त्याकडे तोंड फिरवलं. सरांनी फोन वर धरला.

"बाबू," ते म्हणाले, "इकडं तोंड करा. तिले दाखवतो."